सुरगाठ

भाऊंनी बांधलेली पुडी सोडायला कात्री लागत नसे. दात तर नाहीच नाही. गाठीतून दोऱ्याचं एक शेपूट बाहेर आलेलं असायचं. ते चिमटीत धरून ओढलं की सगळे वेढे एकदम सैल पडायचे आणि कागद आपसूक उमलायचा. "घरी बाईचे हात कणकेचे असतात. ती कात्री कुठं शोधत बसणार?" असं ते म्हणत. या विषयावर याहून जास्त काही ते कधी बोलल्याचं मला आठवत नाही.

भाऊ म्हणजे माझे वडील. लालबागमधल्या एका सहकारी ग्राहक भांडाराचे मॅनेजर. मॅनेजर म्हटल्यावर जे डोळ्यांसमोर येतं तसलं तिथं काही नव्हतं. चाळीच्या तळमजल्यावरचे दोन गाळे मधली भिंत पाडून एक केलेले, लाकडी काउंटर, चार नोकर आणि एक खुर्ची. खुर्ची मॅनेजरची, पण तिच्यावर बहुतेक वेळा गुळाची ढेप बसलेली असे आणि मॅनेजर काउंटरमागे उभे. पगाराच्या आठवड्यात गर्दी उसळली की नोकरांना वजनावर लावून पुड्या बांधायला ते स्वतः उभे राहत.

ते बघत राहावं असं काम होतं. रद्दीचा कागद अंथरायचा, मधोमध पारड्यातली डाळ ओतायची. समोरची कड उचलून मागच्या कडेला भिडवायची, दोन घड्या घालायच्या, मग दोन्ही बाजूंची टोकं आत मोडून पुडा पालथा करायचा. डावा हात पुड्यावर. उजवा हात वर जायचा तो न बघता, कारण छताला तारेनं टांगलेल्या पत्र्याच्या डब्यात दोऱ्याचा गुंडा असे आणि डब्याच्या बुडातल्या भोकातून दोरा कायम डोक्यावर वीतभर लोंबत असे. दोरा खाली, एक वेढा आडवा, एक उभा, गाठ, आणि करंगळीभोवती दोऱ्याला पीळ देऊन एक झटका. तुटला. एवढं होईस्तोवर तोंडानं दुसऱ्या गिऱ्हाइकाचा हिशोब चालू. त्यांच्या उजव्या करंगळीच्या पेरावर त्या झटक्यांनी पाडलेली एक खाच होती. लहानपणी मी तिच्यात माझं नख बसवून बघत असे. बरोबर बसायचं.

(पुडीचे कागद वाचता वाचता वाचनाची गोडी लागली, असं लिहिणारे लेखक मराठीत पुष्कळ आहेत. मी त्यांतली नाही. आमच्याकडे पुडी सुटली की कागद आई लगेच फडताळात अंथरायला घ्यायची.)

शेपूट ठेवणारी ही सुरगाठ भाऊ गिरगावात शिकले. कणकवलीकडून बोटीनं भाऊच्या धक्क्यावर उतरले तेव्हा ते चौदा वर्षांचे होते. मुगभाटातल्या एका कच्छी शेठच्या दुकानात राहून-जेवून नोकरी. पहिली दोन वर्षं वजनाला हात लावायची परवानगी नव्हती, फक्त पुड्या. शेठ बांधलेली पुडी उचलून काउंटरवर आपटायचा. साखरेचा एक कण बाहेर आला तर पुन्हा बांध. भाऊंची पुडी कधी सांडत नसे, पण शेठची तक्रार वेगळीच होती. सुरगाठीला निरगाठीपेक्षा चार बोटं दोरा जास्त लागतो. दिवसाला शंभर पुड्या धर, म्हणजे चारशे बोटं. महिन्याचा किती होतो तो तूच सांग, असा तो हिशोब मांडायचा. त्यामुळे गिरगावात भाऊंनी निरगाठच मारली. सुरगाठ ते दुकान बंद झाल्यावर, फळीवर झोपण्याआधी, उरल्यासुरल्या दोऱ्यावर नुसतीच मारून बघत. पुढे मी एकदा विचारलं होतं, शेठ कंजूष होता का हो? ते म्हणाले, "माझं स्वतःचं दुकान असतं तर मीही निरगाठच मारली असती." हे त्यांचं मला नेहमी आवडत आलेलं आहे. दुसऱ्याच्या दोऱ्यावर आपण उदार होतो, हे त्यांना ठाऊक होतं.

लालबागला दुकानाची महती सांगायला नको. पेरूचाळीतला बाजार बंद पडल्यावर बाजाराला हक्काची जागा मिळावी म्हणून तिथल्या कोळ्यांनी आणि व्यापाऱ्यांनी नवस बोलला, आणि १९३४ साली बसवलेल्या त्या गणपतीला आज आपण लालबागचा राजा म्हणतो. दुकानासाठी देव मांडणारा मुलूख. सहकारी भांडारं आली ती नंतर. नायगावच्या कामगार वस्तीत १९४८ साली सुरू झालेली संस्था ‘अपना बाजार’ म्हणून नावारूपाला आली. पुढे भाऊ रविवारी मुद्दाम तिकडे जाऊन मांडणी बघून येत आणि सोमवारी आपल्याकडच्या बरण्या हलवत. १९६२ साली चीनचं युद्ध झालं, भाव भडकले, आणि सरकारनं ग्राहक भांडारांना भांडवल देण्याची योजना काढली. आमचं भांडार त्या लाटेतलं. सभासद झाडून सगळे गिरणी कामगार. भाऊंना तिथं आधी काउंटरवर घेतलं आणि काही वर्षांनी खुर्ची दिली.

भांडारात लक्ष्मीच्या कॅलेंडरशेजारी एक चौकट टांगलेली होती. तिच्यात कोटवाले, गंभीर चेहऱ्याचे तेरा गोरे. इंग्लंडातल्या रॉचडेल गावात १८४४ साली विणकर आणि इतर कारागीर असे अठ्ठावीस जण एकत्र आले, पै-पैसा जमवून त्यांनी दुकान काढलं. विकायला लोणी, साखर, पीठ, ओट आणि मेणबत्त्या. जगातल्या ग्राहक सहकाराची गंगोत्री ती. त्यांतल्या तेरा जणांचा हा फोटो कुठल्यातरी शिबिरात भाऊंना मिळाला होता. लालबागच्या साचेवाल्या विणकरांच्या दुकानात रॉचडेलचे विणकर टांगले, यात त्यांना मोठी संगती वाटे. फोटोखाली पाटी होती: ‘उधार बंद आहे.’ रॉचडेलवाल्यांचाच तो नियम, रोख घ्या, रोख द्या; कारण कामगार उधारीपायीच दुकानदाराच्या दावणीला बांधला जातो. एकदा एका खानावळवालीनं फोटोकडे बोट दाखवून विचारलं, "हे आपले संचालक का हो, मॅनेजर?" भाऊ म्हणाले, "हो ना. यांनीच उधार बंद केलंय. माझ्या हातात काय नाही."

हातात होतं. खिशातही होतं. सदऱ्याच्या आतल्या खिशात एक लांबट वही असे, तिलाही दोरा गुंडाळलेला. तिच्यात फक्त खानावळवाल्या.

खानावळवाली म्हणजे काय, हे आता समजावून सांगावं लागतं. गिरणीतले निम्मेअधिक पुरुष बायकामुलं गावी ठेवून आलेले, एकेका खोलीत पाळीपाळीनं झोपणारे. त्यांना दोन वेळचं रांधून घालणारी, चाळीतल्याच दहा बाय बारात चूल मांडणारी बाई ती खानावळवाली. कुणाकडे दहा जण, कुणाकडे तीस. जेवणारे महिन्याचे पैसे पगाराला देणार; तिला धान्य मात्र आज हवं. मधले दिवस ती वाण्याच्या आणि सावकाराच्या तोंडाकडे बघायची. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढून या बायकांना राष्ट्रीयीकृत बँकेचं कर्ज मिळवून दिलं, ते याच फासातून सोडवायला. पण प्रत्येकीपर्यंत बँक पोचायला वेळ होता, आणि भाऊंची वही तोवर जाडजूड झालेली होती. भांडाराच्या खात्यात रोज रोख जमा दिसायची; ती रोख भाऊंच्या पगारातली असे. पगाराच्या दिवशी बायका येऊन देत, भाऊ वहीत आडवी रेघ मारत. चक्र फिरत होतं.

भाऊ संत होते असं कुणी समजू नये. काजू तोंडात टाकताना सापडलेल्या पोऱ्याला त्यांनी दिलेली थप्पड मी पाहिली आहे, आणि ती लहान नव्हती. वजनात ते हातचं राखत नसत तसं वर चिमूटभर देतही नसत. पावशेर मागणाऱ्या म्हाताऱ्यांना अडीचशे ग्रॅम देताना जुना पावशेर २३३ ग्रॅमचा होता हे ऐकवल्याशिवाय सोडत नसत. आणि स्वतःच्या घराला भांडारात मान नव्हता. १९७२ च्या दुष्काळानंतर लाल मिलो ज्वारी खाण्याची पाळी आली, साखर मोजून मिळू लागली, तेव्हा रांगेत आईच्या पुढे सतरा बायका असत आणि काउंटरमागे तिचा नवरा. तो मान वर करून बघतसुद्धा नसे. आई घरी आल्यावर पिशवी जरा जोरात ठेवायची.

घरी मात्र ते आमचेच होते. रात्री नऊला आले की अंगाला गोणपाट, हिंग आणि रॉकेल असा एकत्र वास. आंघोळ झाली तरी हिंग राहायचाच. माझ्या शाळेच्या वेण्या तेच बांधायचे, कारण सकाळी आईला नळावर नंबर लावावा लागे. लाल रिबिनीचं फूल काढून सुरगाठ मारायचे, झकास दिसायची, आणि शाळेत प्रार्थना संपेपर्यंत एक वेणी सुटलेली असायची. मग आईनं एक दिवस रिबिनीला निरगाठ मारून पाठवलं. संध्याकाळी ती कापावी लागली. त्यावरून दोघांचं भांडण झालं, ते मला शब्दशः आठवत नाही, पण शेवटी आई म्हणाली होती, "तुमची गाठ दिसायला छान."

दोऱ्याचं एक सांगायचं राहिलं. तो विकतचा दोरा नसे. त्रासनखात्यातून म्हणजे कताईतून, वायडिंगातून निघालेलं तुटकं, गाठाळ सूत गिरण्या वजनावर विकून टाकत. भंगारवाल्याकडून त्याचे कोन भांडारात येत. पांढरं, किंचित तेलकट, मध्येच जाड मध्येच बारीक. ज्यांनी कातलं त्यांच्याच घरी ते तूरडाळीला गुंडाळून परत जायचं. घरोघरी तो दोरा जपला जाई. आमच्या घरी भरली कारली त्यानं बांधली जात, अळूवडीचे उंडे बांधले जात, झेंडूची तोरणं ओवली जात. वटपौर्णिमेला वडाभोवती तोच. पुडी सुटली की आई तो तुकडा आधीच्या तुकड्याला जोडायची आणि गुंड्यावर गुंडाळायची. बिस्किटांच्या चौकोनी डब्यात तो गुंडा वाढत होता.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाख कामगार बाहेर. त्याची कारणं, संपाचे पुढारी डॉक्टर सामंत, गिरण्यांच्या जमिनी, यावर लिहिणाऱ्यांनी लिहिलेलं आहे. काउंटरवरून तो कसा दिसला एवढंच मी सांगू शकते. पहिले दोन महिने काही फरक नव्हता. संप म्हणजे पंधरा दिवस, महिना, असंच सगळे धरून चालले होते. मग पुड्या लहान झाल्या. महिन्याचं एकदम भरणारी माणसं रोजचं न्यायला लागली. अर्धा पाव तेल, पन्नास पैशांची चहापत्ती, रुपयाची साखर. एका पुडीच्या जागी दहा पुड्या. विक्री निम्म्यावर आली आणि दोरा दुप्पट लागू लागला. त्यात गिरण्याच बंद, म्हणून सूतही येईना. भाऊ काळबादेवीला जाऊन दोऱ्याचे गुंडे विकत घेऊन आले. चार बोटांचा हिशोब त्या दिवशी त्यांना आठवला असणार, पण गाठ काही बदलली नाही.

खानावळी एकामागून एक थंडावल्या. जेवणारे गावी निघाले. काही जण जाताना जेवणाचे पैसे देऊन गेले, बहुतेकांना देणं शक्य नव्हतं. आमच्या वरच्या मजल्यावर साताऱ्याकडच्या एक मावशी होत्या, बावीस जणांची खानावळ. एप्रिलमध्ये त्यांच्याकडे नऊ जण उरले, नऊही बिनपगारी. त्या तरीही रोज संध्याकाळी भांडारात येत, पदराआड पिशवी, आणि काउंटरच्या टोकाला उभ्या राहत. काही मागत नसत. भाऊ ज्वारी मोजायचे, डाळ बांधायचे, पुडे सरकवायचे. वही निघायची, लिहिलं जायचं. रेघ मात्र आता पडत नव्हती.

भाऊंचा पगार पुरेना, म्हणून त्यांनी पहिल्यांदाच भांडाराचा माल रोख न भरता बाहेर जाऊ दिला. ते चूक होतं. मी पुढे बँकेत नोकरी केली, त्यामुळे मऊ शब्द वापरून मला ते झाकता येणार नाही. सात महिने हे चाललं. मग ऑडिट झालं, येणे बाकी निघाली, संचालक मंडळाची सभा झाली. ज्यांच्या घरी त्या ज्वारीच्या भाकऱ्या गेल्या होत्या त्यांतलेच दोघं मंडळावर होते. त्यांनी मान खाली घातली आणि ठरावाच्या बाजूनं हात वर केला. रक्कम अकरा हजार चारशे. भाऊंनी उभं राहून सांगितलं की मी भरतो. घरी येऊन आईला सांगितलं. आईनं विचारलं, "आणि त्या देतील का तुम्हाला?" भाऊ मालवणीत म्हणाले, "जातले खंय?"

गेल्या की. मावशी दिवाळीच्या आधी गावी गेल्या. आईच्या पाटल्या गेल्या. उरलेलं तीन वर्षं पगारातून. गिरगावात, आईच्या माहेराजवळ, १९५९ साली सात बायकांनी ऐंशी रुपये उसने घेऊन गच्चीवर सुरू केलेलं लिज्जत तोवर खूप मोठं झालं होतं. आई रोज सकाळी तिथलं पीठ आणून पापड लाटू लागली. तिच्या मनगटांवर पाटल्यांच्या जागी पिठाचा पांढरा पट्टा दिसायचा. ती कधी आरडाओरडा करून भांडली नाही. पण तेव्हापासून तिनं एक वाक्य धरलं, आणि ते आयुष्यभर सोडलं नाही: "तुमची सुरगाठ, माझी निरगाठ." पाहुण्यांसमोर ती हे हसत म्हणायची. आम्हाला त्याचं हसू येत नसे.

संप मागे घेतल्याचं कुणी कधी जाहीर केलं नाही. तो नुसता विरत गेला. पैसे मात्र काही जणींनी पाठवले. कराडहून, आजऱ्याहून, चिपळूणहून मनीऑर्डरी येत. पन्नास, पंचवीस, एकदा अकरा रुपये. प्रत्येकीला भाऊ रेघ मारत. मावशींची मनीऑर्डर आली नाही. त्यांच्या नावापुढे वहीत ३४० रुपये शेवटपर्यंत उघडे होते. भाऊ म्हणत, त्या असतील तरच पाठवतील ना. आई म्हणायची, असतील तर पाठवायला नकोत का? दोघांचंही मला पटायचं, आणि अजूनही यात कुणा एकाच्या बाजूनं जाणं मला जमलेलं नाही.

भांडार नव्वदीत आटलं. तोवर घाऊक बाजार दाणाबंदरातून वाशीला गेला होता, तेल पिशवीत आणि डाळ प्लॅस्टिकमध्ये येऊ लागली होती. पत्र्याचा डबा छतालाच राहिला, रिकामा. भाऊ निवृत्त झाले तेव्हा त्यांना शाल, नारळ आणि भिंतीवरचं घड्याळ मिळालं. रॉचडेलचा फोटो त्यांनी मागून घेतला.

फिनिक्स गिरणीच्या आवारात मॉल उभा राहिला तेव्हा मी त्यांना तिथं घेऊन गेले. ते धोतर नेसत नव्हते, साधी पँट आणि बुशशर्ट, तरी दारावर जरा थांबलेच. तिथल्या दुकानात रांगेनं पाकिटं लावलेली. त्यांनी अर्ध्या किलोचं तूरडाळीचं पाकीट उचललं, तळहातावर तोललं, मान हलवली. म्हणजे वजन बरोबर. मग ते उलटंसुलटं करून बघू लागले. मला वाटलं किंमत शोधताहेत. म्हणाले, "याचं शेपूट कुठाय?" घरी येऊन ते पाकीट मी दातांनी फाडलं आणि डाळ ओट्यावर सांडली. त्यांनी एक एक दाणा वेचून डब्यात टाकला. बोलले काही नाहीत.

शेवटच्या काही वर्षांत त्यांना कंपवात झाला. चमचा धरवेना, बटणं लागेनात. लेंग्याची नाडी ते हट्टानं स्वतः बांधत. बोटं थरथरून सुरगाठीची निरगाठ होऊन बसे आणि ऐन वेळी सुटत नसे. मग न्हाणीघराच्या दारातून मला हाक. मी गुडघ्यावर बसून नखांनी गाठ सोडवायची, ते वर भिंतीकडे बघत उभे. एकदा म्हणाले, "घाई करू नको. आधी गाठीला ढील दे, मग कुठला पदर वर आहे तो बघ." हात त्यांचे गेले होते, बाकी सगळं जागेवर होतं.

परळला, भोईवाड्यात, आम्ही त्यांना पोचवलं. तिरडीला सुतळी बांधत होते तेव्हा मी आत निघून गेले होते. मुद्दाम.

आई त्यानंतर नऊ वर्षं होती. तिच्यामागे माळा आवरताना बिस्किटांचा डबा सापडला. आत दोऱ्याचा गुंडा, सोललेल्या नारळाएवढा, पिवळट पडलेला. खाली ती लांबट वही. मी ती चाळली, ३४० तसेच. फक्त त्या आकड्यावर शाईनं नव्हे, पेन्सिलीनं, एक आडवी रेघ होती. भाऊ पेन्सिल कधी वापरत नसत. पापडांचा हिशोब आई पेन्सिलीनं लिहायची.

यंदा श्रावणात अळू चांगलं मिळालं, दादरच्या मंडईत, काळ्या देठांचं. चार उंडे वळले आणि दोरा आणायचा राहिलाय हे लक्षात आलं. डबा काढला. गुंड्याचं टोक धरून दोन हात दोरा ओढला, तर त्यात पाच गाठी. पाचही आईच्या, मोहरीएवढ्या, दगडासारख्या. त्या कुठं अडकणार नाहीत असे वेढे घातले आणि वर सुरगाठ मारली, भाऊंसारखी, शेपूट बाहेर ठेवून. वाफेवर पंधरा मिनिटं झाली असतील नसतील, झाकण काढून बघते तो पहिल्या उंड्याची गाठ सुटून पानं उलगडलेली आणि सारण चाळणीभर.

उरलेल्या तिघांना निरगाठ मारली.